मेजवानीपासून उमेदवारीपर्यंत : जपानमधील फ्रेंच भोजनगृहांचा इतिहास (१८६३–२०२०)

सारांश

जपानमध्ये प्रवास करणाऱ्याला टोकियो, योकोहामा, क्योतो, हाकोने अशा ठिकाणी उच्च दर्जाची फ्रेंच भोजनगृहे आढळतात. फ्रान्सची सत्ता ज्या देशावर कधीच नव्हती, तेथे ही परंपरा कशी रुजली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे. मेइजी शासनाने फ्रेंच मेजवानीचा उपयोग पाश्चात्त्य राष्ट्रांकडून समान दर्जा मिळवण्यासाठी केला. तो हेतू साधला नाही. फ्रेंच पाकविद्येतील जपानची प्रतिष्ठा पुढे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतील दीर्घ उमेदवारीतून आणि आचाऱ्यांच्या परदेशगमनातून उभी राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे. ही प्रतिष्ठा मोजण्याचा अधिकार मात्र बव्हंशी फ्रेंच संस्थेकडेच राहिला, या विसंगतीचाही विचार केला आहे.

बीजशब्द : मेइजी कालखंड, विषम तह, तहबंदरे, फ्रेंच पाकविद्या, हॉटेल, योशोकु, उमेदवारी, मिशेलिन मार्गदर्शिका.

१. प्रस्तावना

राजकीय व आर्थिक इतिहासाच्या तुलनेत अन्नाचा इतिहास आपल्याकडे दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. तथापि कोणत्या प्रसंगी कोणते अन्न वाढावे, ते कोणी शिजवावे आणि त्याच्या गुणावगुणांचा निवाडा कोणी करावा, हे प्रश्न सत्तासंबंधांपासून वेगळे करता येत नाहीत. भारताच्या संदर्भात हे सहज लक्षात येते. क्लब, डाकबंगले, रेल्वेची उपाहारगृहे यांच्याद्वारे इंग्रजी खाणे येथे परकीय सत्तेच्या पाठोपाठ आले. जपानची स्थिती निराळी होती. तेथे परकीय राज्य आले नाही. परंतु विषम तहांचा दाब होता. त्या दाबाखाली जपानी राज्यकर्त्यांनी परक्या भोजनपद्धतीचा स्वतःहून स्वीकार केला. पारतंत्र्य नाही, पण पूर्ण समानताही नाही, अशा अवस्थेत केलेला हा स्वीकार अभ्यासनीय ठरतो.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाची मांडणी प्रवाशाच्या अंगाने केली आहे. जपानमधील फ्रेंच भोजनगृह हे आरंभी परदेशी प्रवाशासाठी निर्माण झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी आचारी स्वतः प्रवासी होऊन फ्रान्सला गेला. एकविसाव्या शतकात परदेशी प्रवासी पुन्हा जपानमध्ये आला तो जपानी आचाऱ्याने रांधलेले फ्रेंच भोजन मुद्दाम चाखण्यासाठी. या तीन प्रवासांच्या क्रमाने विषयाचा विचार करता येतो.

२. तहबंदरे आणि परदेशी प्रवाशाचे ताट

१८५८ साली जपानने अमेरिका, नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन व फ्रान्स यांच्याशी व्यापारी तह केले. या तहांनुसार परदेशी नागरिकांवर जपानी न्यायालयांचा अधिकार चालत नसे आणि आयात मालावरील जकात जपानला स्वतंत्रपणे ठरवता येत नसे. १८५९ पासून योकोहामा, नागासाकी व हाकोदाते, तर १८६८ साली कोबे ही बंदरे परदेशी व्यापारास खुली झाली. या तहांची दुसरी बाजू प्रवासाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. परदेशी माणसाला बंदरापासून साधारणपणे दहा री, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एवढ्याच अंतरात मोकळेपणाने फिरता येई. त्यापलीकडे जाण्यासाठी शासनाचा परवाना लागत असे. परिणामी परदेशी प्रवाशांची वस्ती काही बंदरांत एकवटली आणि त्यांच्यासाठीची हॉटेले व भोजनगृहेही तेथेच उभी राहिली.

नागासाकी येथे डच वखारीच्या सान्निध्यात पाश्चात्त्य स्वयंपाक शिकलेल्या कुसानो जोकिचि याने १८६३ साली भोजनगृह सुरू केले. जपानी माणसाने चालवलेल्या पहिल्या पाश्चात्त्य भोजनगृहांत त्याची गणना होते. १८६८ साली टोकियोतील त्सुकिजि भागात परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल उघडण्यात आले. त्याचे स्वयंपाकघर लुई बेगू या फ्रेंच आचाऱ्याकडे होते. १८७२ च्या मोठ्या आगीत हे हॉटेल भस्मसात झाले. बेगू याने पुढे योकोहामा व कोबे येथील हॉटेलांत काम केले. १८८९ साली जपानमध्ये आलेल्या रडयार्ड किपलिंगने कोबेच्या ओरिएंटल हॉटेलातील त्याच्या हातच्या जेवणाची आपल्या प्रवासवर्णनात मनापासून प्रशंसा केली आहे.

बंदरांबाहेर मात्र परिस्थिती वेगळी होती. १८७८ साली उत्तर जपानच्या अंतर्भागात प्रवास करणाऱ्या इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीने शिदोरीत मांसाचा अर्क, मनुका, चॉकलेट आणि अडीअडचणीला थोडी ब्रँडी एवढे बरोबर घेतले होते. स्थानिक अन्नाशी तिचे फारसे जमले नाही, हे तिच्या लेखनावरून स्पष्ट दिसते. निक्को येथे ती ज्या कानाया कुटुंबाच्या घरी उतरली, त्या कुटुंबाने १८७३ पासूनच परदेशी प्रवाशांना आपल्या घरी जागा देण्यास प्रारंभ केला होता. त्यातूनच पुढे कानाया हॉटेल विकसित झाले. १८७८ सालीच हाकोनेच्या मियानोशिता या उष्ण झऱ्यांच्या गावी फुजिया हॉटेल स्थापन झाले. डोंगराळ ठिकाणी परदेशी पाहुण्यास पलंग, खुर्ची, पाव, मांस आणि फ्रेंच धर्तीचे क्रमवार जेवण पुरवणे हे अशा हॉटेलांचे वैशिष्ट्य बनले.

सान्यो रेल्वेने १८९९ साली आपल्या गाडीत पाश्चात्त्य जेवण देणारा भोजनडबा जोडला. त्याच वर्षी सुधारित तह अमलात येऊन परदेशी प्रवाशांवरील परवान्याचे बंधन संपुष्टात आले. ज्या तहांनी प्रवाशाला बंदरात अडकवले होते, ते बदलताच त्याचे ताटही देशभर फिरू लागले.

३. राजसत्ता, मांसाहार आणि मेजवानी

बौद्ध प्रभावाखाली सम्राट तेन्मु याने इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसास वर्षातील ठरावीक महिन्यांत बंदी घातली होती. अशा आज्ञा पुढेही निघत राहिल्या. शिकारीचे मांस अधूनमधून खाल्ले जात असले, तरी पाळीव जनावराचे मांस खाणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. या पार्श्वभूमीवर सम्राट मेइजी यांनी १८७२ च्या आरंभी गोमांस भक्षण केल्याचे जाहीर झाले, ही घटना असाधारण होती. त्यानंतर लवकरच पर्वतपूजक तपस्व्यांच्या एका गटाने राजवाड्यात शिरण्याचा प्रयत्न केला. परकीयांच्या आगमनाने व मांसाहाराने देवभूमी विटाळली, अशी त्यांची भावना होती. त्यांपैकी काहीजण पहारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. सम्राटाच्या ताटातील हा बदल प्रजेपैकी काहींना प्राणांहून मोठा वाटला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

पाश्चात्त्य भोजन स्वीकारायचे ठरल्यावर फ्रेंच पद्धतच का निवडली गेली? तत्कालीन जपानच्या व्यापारात व नौदलात ब्रिटनचे वर्चस्व होते. पुढे लष्कर व कायदा या क्षेत्रांत जर्मनीचा प्रभाव वाढला. मात्र एकोणिसाव्या शतकात युरोपातील राजदरबारांची भोजनभाषा फ्रेंच होती. ब्रिटिश राजघराण्याच्या, इतकेच नव्हे तर भारतातील व्हाइसरॉयच्या मेजवानीची भोजनपत्रिकाही फ्रेंचमध्ये छापली जाई. त्यामुळे फ्रेंच भोजनाची निवड फ्रान्सपुरती नव्हती. समस्त युरोपीय राजनैतिक समाजाला समजणारा शिष्टाचार जपानने त्यातून उचलला. परदेशी पाहुण्यांना दरबारी मेजवानीत फ्रेंच भोजन देण्याचा मेइजी काळातील प्रघात जपानच्या राजवाड्याने पुढील काळातही टिकवला.

१८७२ साली त्सुकिजि येथे कितामुरा शिगेताके यांनी सेइयोकेन हे हॉटेल व भोजनगृह काढले. आगीत हानी होऊनही ते पुन्हा उभे राहिले आणि १८७६ साली उएनो उद्यानात त्याची शाखा निघाली. मंत्री, राजदूत व व्यापारी यांच्या भेटीगाठींचे ते केंद्र बनले. १९२३ च्या भूकंपात त्सुकिजिचे मूळ भोजनगृह नष्ट झाल्यावर उएनो हेच सेइयोकेनचे मुख्य ठिकाण झाले.

या धोरणाचे सर्वांत ठळक प्रतीक म्हणजे २८ नोव्हेंबर १८८३ रोजी उघडलेले रोकुमेइकान हे भवन. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या इमारतीचा आराखडा जोसाया काँडर या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने केला होता. नृत्य, वाद्यवृंद, पाश्चात्त्य पोशाख आणि फ्रेंच मेजवानी यांद्वारे जपान हे सुसंस्कृत राष्ट्र आहे अशी परदेशी वकिलांची खात्री पटवावी व विषम तह बदलून घ्यावेत, हा त्यामागील हेतू होता. परंतु ज्यांची खात्री पटवायची, तेच उपहास करू लागले. १८८५ साली तेथील नृत्यसमारंभास उपस्थित राहिलेल्या पिएर लोती या फ्रेंच नौदल अधिकारी-लेखकाने या भवनाला एखाद्या फ्रेंच आरोग्यस्थानातील कॅसिनोची उपमा दिली आणि पाहुण्यांच्या पाश्चात्त्य वेशाची थट्टा केली. देशातही टीका वाढत गेली. परदेशी न्यायाधीशांचा समावेश असलेल्या न्यायालयांची तरतूद तहसुधारणेच्या मसुद्यात होती. तिला प्रखर विरोध झाल्यामुळे १८८७ साली इनोउए यांना पद सोडावे लागले.

ब्रिटनशी समान पातळीवरचा तह १८९४ साली झाला, तो १८९९ साली अमलात आला आणि जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ साली मिळाले. विधिसंहितांची रचना, राज्यघटना आणि जपानचे वाढते लष्करी सामर्थ्य यांचा या यशात मोठा वाटा होता. रोकुमेइकानच्या मेजवान्यांनी ते मिळवून दिले, असे म्हणण्यास आधार नाही. रोकुमेइकानची इमारत पुढे सरदारवर्गाच्या क्लबकडे गेली आणि १९४१ साली पाडण्यात आली.

४. हॉटेलचे स्वयंपाकघर : उमेदवारीची शाळा

मेजवानीचे राजकारण फसले, तरी त्यासाठी उभारलेली स्वयंपाकघरे नाहीशी झाली नाहीत. रोकुमेइकानच्या शेजारीच नोव्हेंबर १८९० मध्ये इंपीरियल हॉटेल सुरू झाले. इनोउए यांच्या आग्रहातून व शिबुसावा एइइचि, ओकुरा किहाचिरो या उद्योगपतींच्या सहभागातून ते उभे राहिले होते. अशा हॉटेलांत भांडी घासण्यापासून प्रारंभ करून वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर चुलीपर्यंत पोहोचणारा जपानी आचाऱ्यांचा वर्ग तयार होऊ लागला. या स्वयंपाकघरांत लेखी पाठ्यक्रम नव्हता. वरिष्ठ सहसा शिकवत नसत आणि कनिष्ठाने कृती नजरेने चोरायची, असा संकेत होता. ही पद्धत जपानी कारागिरीच्या जुन्या परंपरेतूनच आली होती. विद्या परकी असली, तरी ती आत्मसात करण्याची रीत देशी राहिली.

आकियामा तोकुझो (१८८८–१९७४) यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. फुकुइ प्रांतात जन्मलेल्या आकियामा यांनी उमेदवारी केली ती सरदारवर्गाच्या उपरोक्त क्लबमध्ये. हा क्लब त्या काळी रोकुमेइकानच्याच इमारतीत भरत असे. नंतर त्यांनी सेइयोकेनमध्ये काम केले. १९०९ साली ते युरोपला गेले आणि पॅरिसमधील हॉटेलांत राबून शिकले. ओग्युस्त एस्कोफिए यांच्या पद्धतीचा परिचय त्यांना तेथेच झाला. १९१३ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, जपानच्या राजवाड्यातील मुदपाकखान्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले व ते १९७२ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. १९१५ साली सम्राट ताइशो यांच्या राज्यारोहणानिमित्त क्योतो येथे झालेल्या मेजवानीसाठी त्यांनी शेवंडासारख्या दिसणाऱ्या गोड्या पाण्यातील जीवांचे सूप योजले. त्यासाठी लागणारे हे जीव दूर उत्तरेकडील होक्काइदो बेटावरून मोठ्या संख्येने जिवंत आणावे लागले. १९२३ साली त्यांनी फ्रेंच पाककृतींचा बृहद्ग्रंथ जपानी भाषेत प्रसिद्ध केला. नजरेने चोरायची विद्या या ग्रंथामुळे वाचून शिकता येण्याजोगी झाली.

दुसरे महत्त्वाचे केंद्र योकोहामा येथे निर्माण झाले. १९२३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या या शहराच्या पुनरुभारणीचा भाग म्हणून १९२७ साली हॉटेल न्यू ग्रँड उघडले. त्याचे पहिले मुख्य आचारी सॅली वाइल हे मूळचे स्वित्झर्लंडचे असून पॅरिसहून आले होते. ठरावीक पदार्थांच्या जेवणाबरोबरच स्वतंत्रपणे पदार्थ निवडण्याची सोय त्यांनी दिली. भोजनपत्रिकेत नसलेला पदार्थही मागणीनुसार करून मिळेल, अशी सूचना तेथे छापलेली असे. हॉटेलात उतरलेल्या एका परदेशी पाहुण्याची प्रकृती बिघडली आणि त्याने गिळावयास सोपे असे काही मागितले. तेव्हा वाइल यांनी भातावर कोळंबी व मलईदार सॉस घालून ते भट्टीत भाजून दिले. ‘दोरिया’ या नावाने हा पदार्थ पुढे जपानभर पसरला व सामान्य कौटुंबिक उपाहारगृहांतही मिळू लागला. वाइल यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी ओनो मासाकिचि यांनी १९६२ साली सुरू झालेल्या टोकियोच्या ओकुरा हॉटेलातील फ्रेंच स्वयंपाकाला आकार दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वदेशी परतलेल्या वाइल यांनी अनेक तरुण जपानी आचाऱ्यांना स्वित्झर्लंडमधील हॉटेलांत काम मिळवून दिले.

५. ‘योशोकु’ : रुचीची विभागणी

फ्रेंच भोजनाचा उच्चभ्रू प्रवाह हॉटेलांत वाहत असताना शहरांतील मध्यमवर्गासाठी ‘योशोकु’, म्हणजे पाश्चात्त्य खाणे, हा वेगळा प्रकार विकसित झाला. टोकियोच्या गिंझा भागातील रेंगातेइ हे १८९५ साली स्थापन झालेले भोजनगृह त्याचे प्रातिनिधिक उदाहरण होय. फ्रेंच ‘क्रोकेत’ येथे ‘कोरोक्के’ झाले. मांसाचा पातळ तुकडा लोण्यात परतण्याऐवजी भरपूर तेलात तळून, बारीक चिरलेल्या कोबीसह, भाताबरोबर वाढला जाऊ लागला. हे खाणे काट्या-चमच्याने किंवा चॉपस्टिकने कसेही खाता येई व सामान्य नोकरदारालाही परवडे.

या विभागणीत भारतीय वाचकास विशेष रस वाटावा असा एक धागा आहे. भारतीय मसाल्याची आमटी जपानमध्ये आली ती ब्रिटनमार्गे आणि म्हणून ती ‘पाश्चात्त्य’ खाण्यात मोडू लागली. १९१५ साली जपानमध्ये आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना टोकियोच्या शिंजुकु भागातील नाकामुराया या दुकानाच्या मालक दांपत्याने लपवून ठेवले होते. पुढे त्यांच्या कन्येशी बोस यांचा विवाह झाला. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह सुरू केले, तेव्हा बोस यांनी तेथे भारतीय पद्धतीची करी दाखल केली. ब्रिटिश वळणाच्या करीपुढे मूळ देशाची करी ठेवण्यामागे स्वदेशाभिमान होता, हे उघड आहे. फ्रेंच भोजनाला राजवाडा मिळाला, इंग्रजी वळणाच्या करीला भोजनगृह मिळाले आणि भारतीय करीला आपले मूळ सिद्ध करावे लागले. पाकविद्यांची ही उतरंड जागतिक सत्तेच्या उतरंडीशी बरीचशी जुळणारी होती.

६. आचाऱ्याचा प्रवास (१९६४–१९८५)

१९६४ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या निवासनगरीतील भोजनव्यवस्थेसाठी देशभरातील हॉटेले व भोजनगृहांतून सुमारे ३०० आचारी एकत्र आणण्यात आले. त्यांच्या प्रमुखांपैकी एक इंपीरियल हॉटेलचे मुराकामि नोबुओ (१९२१–२००५) हे होते. पॅरिसच्या रित्झ हॉटेलात शिकून आलेल्या मुराकामि यांनी १९५८ साली इंपीरियल हॉटेलात, प्रत्येकाने हवे ते हवे तितके वाढून घ्यावे, अशी जेवणाची पद्धत सुरू करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला होता. दूरचित्रवाणीवरून त्यांनी गृहिणींनाही पाश्चात्त्य पदार्थ शिकवले. ऑलिंपिकच्या निमित्ताने वेगवेगळ्या हॉटेलांचे आचारी एका छताखाली राबले. एकेका स्वयंपाकघरात जपून ठेवलेल्या कृती व मोठ्या प्रमाणावर अन्न तयार करण्याचे तंत्र त्यांच्याबरोबर गावोगावी गेले.

दुसरे कारण असे की, १ एप्रिल १९६४ पासून जपानी नागरिकांना पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मोकळीक मिळाली. आरंभी वर्षातून एकदा व ५०० डॉलरच्या मर्यादेत ही परवानगी होती. तथापि त्यामुळे दरबार अथवा मोठे हॉटेल यांच्या पाठबळाविना युरोप गाठण्याचा मार्ग सामान्य आचाऱ्यासाठी खुला होऊ लागला. १९७० च्या दशकात अनेक तरुण फ्रान्समधील स्वयंपाकघरांत अल्प मोबदल्यावर राबू लागले.

याच सुमारास फ्रेंच आचारीही जपानकडे वळले. १९६६ साली गिंझातील सोनी बिल्डिंगमध्ये पॅरिसच्या मॅक्सिम्सची शाखा निघाली. तिच्या प्रारंभीच्या काळात पिएर त्रवाग्रो यांनी तेथे काम केले. ही शाखा २०१५ साली बंद झाली. पत्रकारिता सोडून पाकविद्येकडे वळलेले त्सुजि शिझुओ (१९३३–१९९३) यांनी १९६० साली ओसाका येथे पाकशाळा स्थापन केली होती. त्यांच्या निमंत्रणावरून १९७२ साली पॉल बोक्यूझ जपानला आले. पुढे त्सुजि यांच्या संस्थेने लियाँजवळ स्वतःचे केंद्र उभारले. स्वयंपाकघरात नजरेने चोरण्याच्या विद्येला वर्ग, पाठ्यपुस्तक आणि प्रमाणपत्र यांची जोड या शाळेने दिली.

फ्रान्समध्ये १९७३ साली आंरी गो व क्रिस्त्याँ मियो या समीक्षकांनी ‘नूव्हेल क्विझीन’ अर्थात नव्या पाकविद्येची सूत्रे मांडली. हलके सॉस, मोजकी शिजवण, ताजा माल व ताटातील साधी मांडणी यांवर तिचा भर होता. या परिवर्तनाचे श्रेय सर्वस्वी जपानला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यास फ्रान्समधील अंतर्गत कारणेही होती. परंतु त्रवाग्रो, बोक्यूझ यांच्यासारखे आचारी नव्या पाकविद्येचे अग्रणी होते आणि त्यांनी जपान प्रत्यक्ष पाहिला होता, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

१९७९ साली पॅरिसमधील ‘ल बुर्दोने’ या भोजनगृहाचे प्रमुख असताना नाकामुरा कात्सुहिरो यांना मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. फ्रान्समध्ये हा मान मिळवणारे ते पहिले जपानी आचारी होत. होक्काइदोच्या मासेमारी करणाऱ्या गावात १९५४ साली जन्मलेले मिकुनि कियोमि यांचा प्रवासही असाच बोलका आहे. साप्पोरोतील हॉटेल व नंतर इंपीरियल हॉटेल येथे भांडी घासणाऱ्या या तरुणाला मुराकामि यांच्या शिफारशीवरून १९७४ साली जिनिव्हातील जपानी राजदूताच्या निवासस्थानी आचाऱ्याचे काम मिळाले. फ्रेदी जिरार्दे, आलँ शापेल यांसारख्यांच्या हाताखाली काम करून परतल्यावर त्यांनी १९८५ साली टोकियोच्या योत्सुया भागात स्वतःचे भोजनगृह काढले. ते डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. राजदूताच्या मेजवानीमागे उभा असलेला अनामिक आचारी आता स्वतःच्या नावाने भोजनगृह चालवू लागला होता.

७. तारे आणि पंच (१९८४–२०२०)

जपानच्या आर्थिक भरभराटीच्या काळात पॅरिसची नामवंत भोजनगृहे टोकियोत येऊ लागली. १९८४ साली न्यू ओतानी हॉटेलात ‘तूर दार्जां’ची शाखा उघडली. १९९४ साली एबिसु येथे फ्रेंच किल्ल्याच्या धर्तीची इमारत बांधून तायवाँ व झोएल रोबुशों यांचे संयुक्त भोजनगृह सुरू झाले. या वास्तूकडे पाहताना रोकुमेइकानची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र येथे येणारे पाहुणे बहुतांशी जपानी असून ते स्वतःच्या खर्चाने व हौसेने येत होते. रोबुशों यांनी २००३ साली टोकियो व पॅरिस येथे ‘लातेलिए’ हे नव्या स्वरूपाचे भोजनगृह काढले. पाहुण्याने ओट्यासमोर बसावे आणि आचाऱ्याने त्याच्यादेखत पदार्थ तयार करावा, ही सुशीच्या दुकानातील रीत त्यात स्वीकारली होती. जपानी बैठकव्यवस्था अशा रीतीने फ्रेंच नावाने जगभर पोहोचली.

नोव्हेंबर २००७ मध्ये टोकियोसाठीची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तीत १५० भोजनगृहांना मिळून १९१ तारे देण्यात आले. ही संख्या पॅरिसहून बरीच अधिक होती. तीन तारे मिळालेल्या आठ भोजनगृहांपैकी तीन फ्रेंच भोजनाची होती : ‘झोएल रोबुशों’, शिसेइदो कंपनीचे ‘लोझिए’ आणि किशिदा शूझो यांचे ‘काँतेसाँस’. पैकी पहिली दोन फ्रेंच आचाऱ्यांच्या नेतृत्वाखाली होती. तिसरे भोजनगृह पॅरिसमध्ये शिकून आलेल्या जपानी आचाऱ्याने २००६ साली सुरू केले होते.

या यादीचे स्वागत झाले तसा तिच्यावर आक्षेपही घेण्यात आला. परीक्षकांच्या गटात तीन युरोपीय व दोन जपानी व्यक्ती होत्या. सुशी किंवा परंपरागत जपानी भोजनाचा निवाडा परक्यांनी कसा करावा, असा प्रश्न जपानमध्ये विचारला गेला. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, फ्रेंच भोजनगृहांबाबत हा प्रश्न फारसा उपस्थित झाला नाही. जी विद्या फ्रान्सची, तिची परीक्षा फ्रान्सने घ्यावी, हे गृहीत धरले गेले. वस्तुतः तोवर या विद्येची जपानमध्ये शतकाहून अधिक काळ मशागत झालेली होती.

२०२० साली पॅरिसमधील आपल्या भोजनगृहासाठी कोबायाशि केइ यांना तीन तारे मिळाले. फ्रान्समध्ये हा सर्वोच्च दर्जा मिळवणारे ते पहिले जपानी आचारी ठरले. दरम्यान जपानला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या २०१९ साली ३ कोटी १८ लाखांवर गेली होती. त्यांपैकी काहींसाठी टोकियोतील फ्रेंच जेवण हे प्रवासाच्या प्रयोजनांपैकी एक बनले. १८७८ साली बर्ड यांनी मांसाचा अर्क बरोबर बाळगला तो स्थानिक अन्न टाळण्यासाठी. या नव्या प्रवाशाला होक्काइदोची शिंपली, क्योतोच्या भाज्या व जपानी लिंबाचा स्वाद असलेले फ्रेंच भोजन हवे असते. क्योतोतील जुन्या लाकडी घरांत काही ठिकाणी ते चॉपस्टिकनेही खाता येते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जपानमधील फ्रेंच भोजनगृहांचा उगम विषम तहांच्या चौकटीत झाला. प्रवाशांची कोंडी, राजनैतिक मेजवानी आणि हॉटेलांची स्थापना यांचा परस्परसंबंध ध्यानात घेतल्याशिवाय तो समजत नाही. दुसरा असा की, परक्यांचा शिष्टाचार हुबेहूब गिरवून समान दर्जा मिळवण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. लोती यांची थट्टा हे त्याचे कठोर प्रमाण होय. ज्याची नक्कल करायची तोच परीक्षक असेल, तर नक्कल कितीही चोख असली तरी ती नक्कलच ठरते.

तिसरा निष्कर्ष श्रमाच्या इतिहासाशी निगडित आहे. रोकुमेइकानच्या दालनात मंत्र्यांना जी मान्यता मिळाली नाही, ती त्याच इमारतीत उमेदवारी केलेल्या आकियामा यांच्यासारख्यांनी व त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी आपल्या कामातून मिळवली. या इतिहासाचे खरे कर्ते मोरीपाशी उभे राहून भांडी घासणारे उमेदवार आहेत. राजनैतिक इतिहासाच्या ग्रंथांत त्यांची नावे क्वचितच आढळतात.

तथापि चौथी बाब या यशाची मर्यादा दाखवते. २००७ व २०२० या दोन्ही वेळी जपानी आचाऱ्यांच्या कर्तृत्वावर मोहोर उमटली ती फ्रेंच मार्गदर्शिकेची. युनेस्कोने २०१० साली फ्रेंचांच्या सहभोजनाची व २०१३ साली जपानच्या ‘वाशोकु’ या पारंपरिक भोजनसंस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. टोकियोत रांधले जाणारे फ्रेंच भोजन या दोन्ही नोंदींच्या मधोमध उभे आहे. ते यांपैकी एकीतही पूर्णपणे बसत नाही. परकी विद्या आत्मसात करून तीत प्रावीण्य मिळवणाऱ्या समाजाला त्या विद्येचे निकष ठरवण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. इंग्रजी भाषेतील साहित्य, पाश्चात्त्य वैद्यक, क्रिकेट अथवा विद्यापीठीय ज्ञान यांच्या संदर्भात भारतीय समाजापुढेही तोच प्रश्न उभा असल्याने, जपानच्या भोजनगृहांचा हा इतिहास येथील अभ्यासकांसही विचारप्रवृत्त करणारा आहे.